पोर्ट कुणाच्या नावावर आहे?

बाहेरून कुणी आपल्या सर्व्हरला हाक मारली, तर ‘ओ’ द्यायला आत कोणकोणते प्रोग्रॅम बसलेत, याचा एक कागद सातारा-सांगलीतल्या किती पतसंस्था, सहकारी बँका, दूध संघ आणि साखर कारखाने टेबलावर ठेवू शकतील? मी ठिकठिकाणी मागून पाहिलाय. उत्तर ठरलेलं असतं : ‘ते पुण्याच्या व्हेंडरला माहीत.’ व्हेंडरला फोन लावला की तो म्हणतो, ‘ज्यानं केलं होतं तो मुलगा सोडून गेला, सर.’ मग माहीत कुणालाच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हा कागद संस्थेच्याच माणसानं स्वतःच्या हातानं केलेला असावा आणि दर तिमाहीला थकबाकीच्या यादीसोबत संचालक मंडळापुढं यावा.

नव्वदच्या दशकात मी या दोन जिल्ह्यांत युनिक्स मशीनच्या देखभालीचं काम करायचो. ए.एम.सी.चा माणूस. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर सकाळची एसटी धरायची आणि कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीत उतरायचं. पिशवीत सोल्डरिंगची कांडी, नऊ आणि पंचवीस पिनांचे कनेक्टर, थोडी केबल आणि डबा. बँकिंगच्या बाबतीत हा भाग कुणाच्या मागं नव्हता. सांगली बँक १९१६ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ची. पुढं २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली, २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. पाट्या बदलल्या, पण लोकांच्या तोंडी अजून ‘आमची युनायटेड’ असतंच.

बँकांत संगणक सुखासुखी आला नाही. संघटनांचा विरोध होता, करार झाले, रंगराजन समितीचे १९८४ आणि १९८९ असे दोन अहवाल आले. त्या काळात देशातल्या बँकांनी युनिक्सची कास धरली आणि शाखाशाखांतून एक मशीन व त्याला जोडलेले आठ-सोळा टर्मिनल असा संसार उभा राहिला. टर्मिनलमध्ये स्वतःचं डोकं काही नसायचं. काळा पडदा, हिरवी किंवा पिवळट अक्षरं आणि मागून निघालेली आरएस-२३२ची केबल. पुढं केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१च्या आत संगणकावर आणायला सांगितलं, तेव्हा कुठं सगळ्यांची धावपळ झाली. आम्ही मात्र त्याआधीपासून टेबलाखाली वाकून केबली शोधत होतो.

आता मुद्द्याचं. त्या केबलीच्या मशीनकडच्या टोकाला कुणीतरी लक्ष ठेवून बसावं लागतं. कॅशिअरनं एंटर दाबलं की ‘लॉगिन’ विचारायचं, वेग जुळवायचा आणि माणूस गेला की पुन्हा वाट बघत बसायचं. जुन्या युनिक्समध्ये, आणि आमच्याकडं जे एससीओ जास्त होतं त्यातही, हे काम ‘गेटी’ नावाचा प्रोग्रॅम करायचा, दर पोर्टाला एक. १९८९च्या सुमारास एटी अँड टी आणि सन यांच्या सिस्टीम फाइव्ह रिलीज फोरमध्ये त्याची घडी नव्यानं बसवली गेली. सर्वांत वर सर्व्हिस ॲक्सेस कंट्रोलर, म्हणजे ‘सॅक’. त्याच्या हाताखाली पोर्ट मॉनिटर. टर्मिनलसाठी टीटीवायमॉन, नेटवर्कसाठी लिसन. आणि प्रत्येक पोर्ट मॉनिटरच्या हाताखाली त्याच्या सेवा. ऊसतोडीचा मुकादम फडात फिरून कोण कामावर आहे बघतो, तसा सॅक ठरल्या वेळानं, सनच्या सोलारिसवर दर ३०० सेकंदांनी, प्रत्येक मॉनिटरची हजेरी घ्यायचा. एखादा पडला तर पुन्हा उभा करायचा. पण किती वेळा, तेही आधी लिहून द्यायचं. तेवढ्या वेळा उठवूनही पडला तर नावापुढं ‘फेल्ड’ आणि विषय संपला. मग माणसानं यायचं.

ही सगळी व्यवस्था चालवायला दोन आज्ञा : मॉनिटरसाठी ‘सॅकॲडम’, सेवांसाठी ‘पीएमॲडम’. ‘पीएमॲडम’ला यादी मागितली की एकेका पोर्टाची एकेक ओळ यायची. कोणता मॉनिटर, सेवेची खूण काय, चालू की बंद, कुणाच्या अधिकारानं चालते, पोर्ट कोणतं, वेग किती, आणि शेवटी शेऱ्याची जागा. लॉगिनची सेवा रूटच्याच नावावर चालते, म्हणजे त्या ओळीतली प्रत्येक नोंद मशीनच्या मालकाच्या सहीनं केलेली. शेरा ऐच्छिक होता. मला ज्यांनी शिकवलं, ते म्हणायचे, ‘शेरा रिकामा सोडलास तर पुढच्याच्या पोटावर पाय.’ म्हणून आम्ही लिहायचो : काउंटर तीन, रोकड. लेजर. मॅनेजर केबिन. पासबुक प्रिंटर.

आणखी एक सोय फार गोड होती. एखादी सेवा काही दिवस थांबवायची असेल तर ती उपटून टाकायची गरज नसे. ‘पीएमॲडम’नं ती बंद केली की ओळ जागेवर राहायची, फक्त तिच्यावर बंदची खूण चढायची. त्या पोर्टावर कुणी टर्मिनल लावून एंटर दाबलं, तर आपण आधी लिहून ठेवलेला निरोप पडद्यावर यायचा. आम्ही लिहायचो, ‘हे टर्मिनल बंद आहे, संगणक विभागाला विचारा’. अर्थात रोमन अक्षरांत. आणि बंद करताना जो आत काम करत असेल त्याला धक्का लागत नसे. त्याचं चाललेलं व्हाउचर पुरं व्हायचं, नवा माणूस तेवढा आत येत नसे. भर दुपारी रांग लागलेली असताना या गोष्टीची किंमत काय असते, ते ‘साहेब, तीन नंबर गेला ओ!’ ही आरोळी ज्यानं ऐकलीय त्यालाच कळेल.

एका संस्थेतली ओळ मला अजून आठवते. कुठली संस्था ते जाऊ द्या. यादीत सगळ्या ओळींना शेरे, एक ओळ तेवढी बिनशेऱ्याची. सेवा चालू. कोणत्या टर्मिनलची? काउंटरवर मोजले, केबिनमध्ये बघितलं. तिथं काहीच नाही. केबल धरत धरत गेलो तर ती कपाटाच्या मागं एका मोडेमला जाऊन भिडलेली, आणि मोडेमचा लाल दिवा लागलेला. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी दुरून दुरुस्ती करायला तो कधीतरी लावला होता. करार संपला, माणसं गेली, मोडेम राहिला. त्या टेलिफोनचं बिल हेडक्लार्क दर महिन्याला निष्ठेनं भरत होते; ‘जादा लाइन’ म्हणून खतावणीत नोंदही होती. पैशाचा हिशोब चोख होता. त्या नंबरावर फोन लावणाऱ्याला थेट लॉगिनचा प्रश्न विचारला जातोय, याचा हिशोब कुणाकडंच नव्हता. मी ती ओळ आधी बंद केली आणि महिनाभर थांबलो. कुणाची तक्रार नाही. मग काढून टाकली.

सॅक आता इतिहासजमा आहे. २००५च्या सोलारिस १० मध्ये सेवा सांभाळायची नवी व्यवस्था आली, लिनक्समध्ये आता सिस्टीमडी आहे. तिथंही एकच प्रोग्रॅम सगळ्यांच्या वतीनं पोर्टावर कान देतो, गरज पडली की सेवा उठवतो आणि ती वारंवार पडायला लागली की नाद सोडतो. कल्पना तीच. फरक एवढाच की केबल हाताला लागत होती, आताचं पोर्ट हा नुसता आकडा. २२वर दूरचं लॉगिन, ३३८९वर विंडोजचा दूरचा पडदा, ४४५वर फायलींची देवघेव. याच ४४५मधून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला. आज एखाद्या संस्थेच्या सर्व्हरला यादी मागा. कोअर बँकिंगचा प्रोग्रॅम असतो, डेटाबेस असतो. आणि त्यांच्याबरोबर सीसीटीव्हीवाल्यानं घातलेलं काहीतरी, जुन्या हजेरी यंत्राचं सॉफ्टवेअर, आणि दुरून पडदा बघायची तीन वेगवेगळी साधनं, तीन व्हेंडरांची. तिन्हींचा पासवर्ड बहुधा संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. शेऱ्याची जागा तर कुठंच नाही.

‘आमच्यासारख्या छोट्या संस्थेवर कोण कशाला हल्ला करील?’ हे वाक्य मला अध्यक्षांच्या दालनात चहाबरोबर मिळतं. पोर्टं चाचपणारे प्रोग्रॅम संस्थेचं नाव, गाव, भागभांडवल काही बघत नाहीत. आकडे ओळीनं ठोठावत जातात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारा बनावट स्विच मधे उभा केला आणि देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत राहिले. म्हणजे उत्तर देणारा भलताच होता. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या तंत्रसेवा कंपनीवरच्या रॅन्समवेअर हल्ल्यामुळं राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिची जोडणी तात्पुरती तोडली, आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांच्या शाखांत काही बिघडलंच नव्हतं. ‘व्हेंडरला माहीत’ या उत्तराचा अर्थ तो असा.

नियम नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. दूरचा पडदा कायम बंद ठेवावा आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीनंच उघडावा, असं त्यात स्पष्ट आहे; आम्ही ‘पीएमॲडम’नं करायचो तेच. माहिती-तंत्रज्ञान मालमत्तेची नोंदवहीही त्यात सांगितलीय. प्रत्यक्षात मला दाखवतात ती नोंदवही म्हणजे संगणक इतके, प्रिंटर तितके, यूपीएस दोन, पैकी एक नादुरुस्त. खुर्च्या-टेबलांच्या डेडस्टॉकमध्ये आणि हिच्यात फरक काय? आत काय चालतंय ते तिच्यात नसतं. पतसंस्थांचं तर आणखी वेगळं. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागूच नाही. आणि आपल्याकडं गल्लीगणिक पतसंस्था. हळदवाल्याचे, गुळवाल्याचे, निवृत्त शिक्षकांचे पैसे तिथं आहेत.

माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. लहान संस्थेला पूर्णवेळ तज्ज्ञ परवडत नाही, हे मला मान्य. पण या कागदाला तज्ज्ञ लागतच नाही. लिनक्सवर एक आज्ञा, विंडोजवर एक आज्ञा, यादी समोर. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातला नाही तर कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका दुपारी ती काढून देईल. अवघड काम त्यानंतरचं, आणि ते संगणकाचं नाहीच. प्रत्येक ओळीसमोर ही सेवा कशासाठी, कुणी मागितली, कुणाच्या जबाबदारीवर, कधीपर्यंत, हे लिहायचं. इथं व्यवस्थापकाला व्हेंडरशी वाद घालावा लागतो आणि तोच नको असतो. ‘सर, तुम्ही ते बंद केलंत तर आमची जबाबदारी नाही’ हे व्हेंडरचं ब्रह्मास्त्र. त्यावर म्हणायचं : बंदच राहील, काम निघालं की फोन करा, उघडू, काम झालं की पुन्हा बंद करू, आणि दोन्ही वेळा वहीत सही. चांगले व्हेंडर याला तयार होतात, मी पाहिलंय. जे होत नाहीत त्यांच्याबद्दल संचालकांनी आपसात बोलावं.

सहकार आयुक्तालयानं पतसंस्थांच्या वार्षिक लेखापरीक्षणाला या यादीचं परिशिष्ट जोडायला सांगावं आणि लेखापरीक्षकानं त्यावर व्यवस्थापकाची सही घ्यावी. ज्या ओळीसमोर कारण लिहिता येत नाही, ती सेवा त्याच दिवशी बंद करावी आणि महिनाभर कुणाचा फोन आला नाही तर काढून टाकावी.