ऑस्ट्रेलियात पाऊस पडला की डोलवीत पोलाद का महागतं? कोळशाच्या जागतिक बाजाराची गोष्ट

पेणजवळच्या रामवाडीहून मुंबई-गोवा महामार्गाने वडखळच्या दिशेने निघालं, की काही किलोमीटरवर डोलवीचा पोलाद कारखाना दिसू लागतो. जेएसडब्ल्यू स्टीलच्या या कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन पोलादाची आहे. पोलाद बनवायला तिथे ज्या प्रकारचा कोळसा लागतो, तो महाराष्ट्रात कुठेच निघत नाही. तो मुख्यतः समुद्रापलीकडून येतो आणि शेवटचा टप्पा धरमतरच्या खाडीतून पार करतो.

दुसरीकडे, भारत हा चीनच्या खालोखाल जगातला सर्वात मोठा कोळसा उत्पादक देश आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाने पहिल्यांदाच १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी भारताने सुमारे २४ कोटी टन कोळसा आयातही केला.

घरात एवढा कोळसा असताना बाहेरून का आणायचा, हा प्रश्न सोशल मीडियावर वारंवार विचारला जातो. उत्तर शोधायचं तर आधी 'कोळसा' या एका शब्दात दडलेल्या दोन वेगळ्या वस्तू समजून घ्याव्या लागतात.

कोळसा एक नाही, दोन

वीज केंद्रात जाळला जातो तो औष्णिक कोळसा. त्यातून फक्त उष्णता हवी असते. पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, एवढंच त्याचं काम. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून निघतो तो हा कोळसा.

पोलादाच्या झोतभट्टीत मात्र हा कोळसा चालत नाही. तिथे कोकिंग कोळसा लागतो. हवा न लागू देता तो तापवला, की मऊ होतो आणि पुन्हा घट्ट होऊन त्याचा सच्छिद्र, कणखर कोक बनतो. हा कोक भट्टीत तीन कामं करतो. तो उष्णता देतो, लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वर रचलेल्या खनिजाचं वजनही पेलतो. साधा कोळसा या वजनाखाली चुरा होऊन जाईल.

भारतात कोकिंग कोळसा आहे. झारखंडमधल्या झरियाचं नाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण त्यात राखेचं प्रमाण जास्त असतं. तो धुऊन स्वच्छ करण्याची सोय अपुरी असल्यामुळे त्यातला बराचसा शेवटी वीज केंद्रांतच जाळला जातो. म्हणून देशातले पोलाद कारखाने आपल्या गरजेपैकी सुमारे ८५ टक्के कोकिंग कोळसा आयात करतात.

औष्णिक कोळशाच्या आयातीचं कारण वेगळं आहे. काही वीज केंद्रं मुळातच परदेशी कोळशासाठी समुद्रकिनारी बांधली गेली. गुजरातमधलं मुंद्रा आणि रत्नागिरीतलं जयगड ही त्याची उदाहरणं. मुंबईतल्या ट्रॉम्बे केंद्रातही कमी राखेचा, कमी गंधकाचा इंडोनेशियन कोळसा वापरला जातो. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असू शकते. एवढी राख घेऊन विदर्भातून किंवा ओडिशातून किनाऱ्यापर्यंत रेल्वेने यायचं, तर भाड्याचा मोठा भाग राखेवरच खर्च होतो.

मग विकणारे कोण?

जगात वर्षाला सुमारे ९०० कोटी टन कोळसा निघतो. त्यातला बहुतेक ज्या देशात निघतो तिथेच जळतो. देशांच्या सीमा ओलांडतो तो साधारण १५० कोटी टन, म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि हा व्यापार मोजक्या देशांच्या हातात आहे.

इंडोनेशिया: वजनाच्या हिशेबात पहिला. वर्षाला ५० कोटी टनांहून अधिक निर्यात, जवळजवळ सगळी औष्णिक कोळशाची. खाणी मुख्यतः बोर्निओ बेटावरच्या कालिमंतान भागात आहेत. कोळसा नदीतून बार्जने समुद्रापर्यंत येतो आणि तिथे मोठ्या जहाजात भरला जातो. भारताला सर्वाधिक कोळसा हाच देश पुरवतो.

ऑस्ट्रेलिया: वजनात दुसरा, पण कोकिंग कोळशात निर्विवाद पहिला. समुद्रमार्गे विकल्या जाणाऱ्या कोकिंग कोळशापैकी निम्म्याच्या आसपास एकटा ऑस्ट्रेलिया विकतो. तो मुख्यतः क्वीन्सलँड राज्यातल्या बोवेन खोऱ्यातून येतो. न्यू साउथ वेल्समधलं न्यूकॅसल हे जगातलं सर्वात मोठं कोळसा बंदर. औष्णिक कोळशाचा आशियातला भाव याच बंदराच्या नावाने सांगितला जातो.

रशिया: वर्षाला २० कोटी टनांच्या घरात. युक्रेन युद्धानंतर युरोपीय संघाने ऑगस्ट २०२२ पासून रशियन कोळसा बंद केला. त्यानंतर हा माल सवलतीच्या दरात चीन, भारत आणि तुर्कीकडे वळला.

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, कोलंबिया आणि मंगोलिया हे त्यानंतरचे मोठे विक्रेते. दक्षिण आफ्रिकेचा कोळसा रिचर्ड्स बे बंदरातून निघतो. भारतातल्या स्पंज आयर्न कारखान्यांना तो विशेष सोयीचा पडतो. मंगोलियाला समुद्रच नाही, त्यामुळे त्याचा जवळपास सगळा माल शेजारच्या चीनला जातो.

विकत घेणाऱ्यांत चीन पहिला, भारत दुसरा आणि त्यानंतर जपान, दक्षिण कोरिया. म्हणजे व्यापाराचं केंद्र पूर्णपणे आशियात आलं आहे.

डोलवीपर्यंतचा प्रवास

क्वीन्सलँडमधल्या हे पॉइंटसारख्या बंदरातून निघालेल्या जहाजाला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यायला साधारण तीन आठवडे लागतात. मोठ्या केपसाइज जहाजात दीड लाख टन किंवा त्याहून जास्त कोळसा मावतो. अशा जहाजाला खोल पाणी लागतं. नागोठण्याहून वाहत येणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते, पण ही खाडी उथळ आहे आणि तिची खोली भरती-ओहोटीवर अवलंबून असते. मोठं जहाज तिथे शिरूच शकत नाही.

त्यामुळे माल आधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड बंदरात उतरतो किंवा मुंबईजवळच्या समुद्रात नांगरलेल्या जहाजातून काढला जातो. तिथून बार्ज आणि छोटी मालवाहू जहाजं तो रेवसच्या मुखातून धरमतरच्या जेट्टीपर्यंत आणतात. अशा छोट्या जहाजाची क्षमता सुमारे ८ हजार टन धरली, तर दीड लाख टनांचं एक मोठं जहाज रिकामं करायला १९ खेपा लागतात.

म्हणजे कारखान्याच्या दारात कोळशाचा जो भाव पडतो, त्यात खाणीतला दर, जहाजाचं भाडं, मधली चढ-उतार, बार्जचा खर्च आणि डॉलरचा दर एवढं सगळं मिसळलेलं असतं.

भाव कुठे ठरतो?

विकणारे थोडे आणि घेणारे अनेक असले, की एका ठिकाणच्या अडचणीची झळ सगळ्यांना बसते. गेल्या काही वर्षांतले तीन प्रसंग पुरेसे आहेत.

पहिला, मार्च २०१७. डेबी चक्रीवादळ क्वीन्सलँडवर आदळलं. खाणींपासून बंदरांपर्यंतच्या रेल्वेमार्गांचं नुकसान झालं आणि कोकिंग कोळशाचा भाव टनाला १५० डॉलरच्या आसपासून काही दिवसांत जवळपास दुप्पट झाला. खाणी शाबूत होत्या, फक्त रूळ तुटले होते.

दुसरा, जानेवारी २०२२. इंडोनेशियाने महिनाभरासाठी कोळसा निर्यात थांबवण्याचा आदेश काढला. देशातल्याच सरकारी वीज कंपनीकडे साठा संपत आला होता. तिथल्या नियमानुसार खाण कंपन्यांनी २५ टक्के कोळसा देशात, ठरलेल्या कमी दराने विकायचा असतो. बाहेर भाव चढे असल्याने अनेकांनी तो नियम पाळला नव्हता. काही दिवसांतच बंदी शिथिल झाली, पण जगातला सर्वात मोठा विक्रेता एका आदेशाने दुकान बंद करू शकतो, हे सगळ्यांना कळलं.

तिसरा, त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेलं युक्रेन युद्ध. मार्चमध्ये न्यूकॅसलचा भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला. ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसा ६०० डॉलरच्या पुढे पोहोचला.

याउलट कधी राजकारण भाव पाडतंही. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन कोळशावर अघोषित बंदी घातली. ती २०२३ च्या सुरुवातीला सैल झाली. बंदीच्या पहिल्या काही महिन्यांत ऑस्ट्रेलियाला नवे गिऱ्हाईक शोधावे लागले आणि भारतीय कारखान्यांना तोच माल तुलनेने स्वस्त मिळाला.

सामान्य माणसाच्या खिशाशी संबंध काय?

झोतभट्टीतून एक टन पोलाद काढायला साधारण पाऊण टन कोकिंग कोळसा लागतो. म्हणजे कोळसा टनाला १०० डॉलरने महागला, तर पोलादाचा खर्च टनाला सुमारे ७५ डॉलरने वाढतो. डॉलर ८५ रुपयांना धरला, तर किलोमागे साधारण सहा रुपये. घराच्या बांधकामाला तीन टन सळई लागत असेल, तर फरक १८-१९ हजारांचा. हा ढोबळ हिशेब आहे. सगळी वाढ गिऱ्हाइकापर्यंत येईलच असं नाही. शिवाय बाजारातली बरीच सळई भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बनते. डोलवीतही सगळं लोखंड झोतभट्टीतून येत नाही. पण भाव कोणत्या दिशेला सरकतील, हे या हिशेबावरून कळतं.

विजेची गोष्ट आणखी थेट आहे. टाटा पॉवरच्या मुंद्रा प्रकल्पातून महाराष्ट्राच्या वाट्याला ७६० मेगावॉट वीज ठरली होती. करार झाला तेव्हा सरासरी दर युनिटला २ रुपये २६ पैसे, म्हणजे बराच स्वस्त होता. त्यामागे गृहीत धरला होता स्वस्त इंडोनेशियन कोळसा. इंडोनेशियाने २०१० मध्ये नियम बदलला आणि जुने करारही जागतिक भावाशी जोडायला लावले. कंपनीने वाढीव दर मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की परदेशातला नियम बदलला म्हणून कराराबाहेरची भरपाई मागता येणार नाही.

पण तोट्यात वीज कोण बनवणार? आयात कोळशावरची केंद्रं अनेकदा बंद किंवा अर्धवट चालू राहिली. मे २०२२ मध्ये देशात विजेची टंचाई आली तेव्हा केंद्र सरकारने वीज कायद्याचं कलम ११ वापरून ती पूर्ण क्षमतेने चालवायला लावली आणि वाढीव खर्च विजेच्या दरात धरायला परवानगी दिली. असा खर्च पुढे ग्राहकाच्या बिलात 'इंधन समायोजन आकार' या ओळीतून येऊ शकतो. बिलात ती ओळ बहुतेक जण वाचत नाहीत.

खाडीकाठचा हिशेब

कोळशाच्या भावात जे धरलं जात नाही, ते खाडीच्या काठावर दिसतं. धरमतर खाडीत मासेमारी करणारे कोळी आणि खारेपाटातले आगरी शेतकरी वाढत्या जहाज वाहतुकीबद्दल तक्रार करत आले आहेत. जाळी तुटतात, मासळीची जागा जाते आणि जहाजांच्या लाटांनी शेताचे बांध खचतात, असं त्यांचं म्हणणं आहे. खारेपाटात बांध फुटला, की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन पिकत नाही. दुसऱ्या बाजूला, कारखाना आणि जेट्टीवर रायगडातल्या अनेक घरांची चूल पेटते, हेही तितकंच खरं.

याच खाडीलगत अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंड परिसरात टाटा पॉवरचं आयात कोळशावरचं वीज केंद्र उभं राहणार होतं. शेतकऱ्यांनी भातजमिनी देण्याला दीर्घकाळ विरोध केला. ते केंद्र झालं नाही. गोव्यातही मुरगाव बंदरातून होणाऱ्या कोळसा वाहतुकीवरून अशीच आंदोलनं झाली आहेत. तिथून कोळसा जातो तो कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे.

पुढे काय?

भारताची आयात २०२३-२४ मध्ये सुमारे २६ कोटी टन होती. पुढच्या वर्षी ती आठ टक्क्यांच्या आसपास घटली. पण ही घट मुख्यतः औष्णिक कोळशाची आहे. देशात उत्पादन वाढलं, की वीज केंद्रं परदेशी कोळशाची मिसळ कमी करतात. सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तसा हा भाग आणखी आटोक्यात येऊ शकतो.

कोकिंग कोळशाचं तसं नाही. डोलवीची क्षमता दीड कोटी टनांवर नेण्याची योजना आहे आणि देशभरात नव्या झोतभट्ट्या येत आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'मिशन कोकिंग कोल' सुरू करून २०३० पर्यंत १४ कोटी टन कच्च्या कोकिंग कोळशाचं उद्दिष्ट ठेवलं. मात्र तो धुण्याची क्षमता वाढली नाही, तर खाणीतून निघालेला कोळसा कोकऐवजी वाफच बनवत राहील. तोपर्यंत कारखाने एकाच देशावर विसंबून राहणं कमी करत आहेत. ऑस्ट्रेलियाचा वाटा घटून अमेरिका, रशिया आणि मोझांबिकचा वाढला आहे.

त्यात युरोपीय संघाने २०२६ पासून आयात पोलादावर कार्बन शुल्काची अंमलबजावणी सुरू केली आहे. कोळशावर बनलेलं पोलाद तिथे विकणं महाग होत जाणार आहे. म्हणजे कोळसा घेताना एक किंमत आणि त्यातून बनलेलं पोलाद विकताना दुसरी.

थोडक्यात, १०० कोटी टनांचा आकडा खरा आहे आणि २४ कोटी टनांचाही. पहिल्या आकड्याने देशातले दिवे बऱ्याच अंशी चालू राहतात. दुसऱ्यातला कोकिंग कोळशाचा भाग मात्र, देशात पुरेसा धुतलेला कोळसा किंवा पोलाद बनवण्याची वेगळी पद्धत येईपर्यंत, धरमतरच्या खाडीतून भरतीची वेळ पाहून येतच राहील.