ला पाझला थेट उतरू नका

पेरू-बोलिव्हियाच्या सहलीआधी येणारे बहुतेक जण एकच विचारतात, "डॉक्टर, उंचीसाठी कुठली गोळी घेऊ?" माझं उत्तर काहींना आवडत नाही. गोळीचं नंतर बघू, आधी सहलीचा कार्यक्रम दाखवा. पहिली रात्र कुठे आहे?

ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, सुमारे ४,०६० मीटर उंचीवर. पेरूतलं कुस्को साधारण ३,४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! तिथल्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी असल्याने ला पाझमध्ये प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. शरीर याला सरावतं, पण त्याला काही दिवस लागतात आणि विमान ते दिवस देत नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा, उडालेली झोप, हा सगळा त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतो. तिकडे याला 'सोरोचे' म्हणतात.

"मी रोज जिमला जातो" हे इथे उपयोगाचं नाही. तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो. उलट तो जोरात चालतो म्हणून कधीकधी आधी होतो.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा. खुद्द माचू पिच्चू सुमारे २,४०० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा हजार मीटर खाली आहे. कुस्कोला उतरल्यावर तिथे न राहता त्याच दिवशी उरुबांबाच्या खोऱ्यात, साधारण २,८०० मीटरवर मुक्कामाला जा. माचू पिच्चू बघा आणि कुस्कोचा मुक्काम शेवटी ठेवा. बोलिव्हियात सुक्रेला दोन-तीन रात्री काढून मग ला पाझ. ठिकाणं तीच, क्रम फक्त वेगळा. टूरवाल्याला हे पैसे भरण्याआधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

गोळी म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. थेट उंचीवर उतरणं टळत नसेल किंवा आधी असा त्रास झाला असेल तर ती जरूर घ्यावी. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याला घाबरू नका. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर तिकिटाआधी भेटा. विदर्भ, नंदुरबार भागातल्या वाचकांनी सिकलसेलची तपासणी केली नसेल तर करून घ्या. एरवी काहीच त्रास नसलेल्या वाहकालाही उंचीवर प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या संकोचाची. लाखो रुपये भरलेले, बरोबर वीस माणसं, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" म्हणून काकू डोकेदुखी लपवतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर चढतात. हे करू नका. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. हॉटेलातला ऑक्सिजन वाटेत लावा, पण त्याच्या भरवशावर तिथेच थांबू नका.

आणि हे सांगायला भाषा लागते. लहान गावात इंग्रजी चालेलच असं नाही. चार वाक्यं पाठ करा: 'मे दुएले ला काबेसा' (माझं डोकं दुखतंय), 'नो पुएदो रेस्पिरार' (श्वास घेता येत नाही), 'नेसेसितो उन मेदिको' (डॉक्टर हवा), 'तेंगो दियाबेतेस' (मला मधुमेह आहे). औषधांची नावं कंपनीची नव्हे, मूळ घटकाची लिहून न्या.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. कुस्को-ला पाझच्या उंचीवर तो ताप नसतो, पण पेरू-बोलिव्हियातून परतताना भारतात प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कोकाचा चहा तिथे हौसेने प्या, मात्र नोकरीत अमली पदार्थांची तपासणी होत असेल तर टाळा, कारण ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याची पानं बॅगेत घालून घरी आणू नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे.