दारात आलेली मुलगी आणि तिचे प्रश्न

मे महिना म्हणजे पापड, कुरडया, वर्षाचा मसाला आणि मुलांची सुट्टी. पण यंदा आमच्या चारकोपात शेजारची एक मुलगी भर उन्हात पिशवी अडकवून घरोघर हिंडत होती. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काय गं, सुट्टीतही कॉलेज?" म्हटले, तर म्हणाली, "काकू, संशोधन करतेय." विद्यार्थ्यांनी सुट्टीत संशोधन करणे नवे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना १९७९ सालीच सुरू केली होती.

हिचा विषय मात्र जरा वेगळा. जात, धर्म, आडनाव यांवरून मिळालेली वागणूक आणि त्याने मनावर राहिलेला घाव. मी म्हटले, "अगं, आमच्या सोसायटीत असलं काही नाही हो!" ती नुसती हसली.

आमचे चारकोप म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात वसवले. छोटे छोटे प्लॉट, भिंतीला भिंत. शेजार काही कोणी निवडून घेतलेला नव्हता. आणि तरी सगळे गुण्यागोविंदाने राहतो, असा माझा समज.

दोन दिवसांनी दुपारी शेजारीण आली. मुलीने मला अवाक्षर सांगितले नव्हते, तिला तसा नियमच आहे. सांगितले ते शेजारणीने स्वतः. "त्या पोरीनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. आता तुम्हालाही सांगते. इथं आल्यावर पहिल्या दिवाळीला मी फराळाचं ताट दिलं होतं. तुम्ही हसून घेतलंत. दुसऱ्या दिवशी भांडीवाली म्हणाली, तुमच्या करंज्या फार छान हो, बाईंनी सगळ्या मलाच दिल्या. पुढं तुम्ही माझ्याकडे जेवलात, माझ्या दुखण्यात धावलात. पण करंज्या करायला बसले की अजून पोटात कालवतं."

मैत्रिणींनो, मी ते पार विसरले होते. ती वीस वर्षांत एकही दिवाळी विसरली नव्हती. मी काय बोलणार? "चुकलं माझं" एवढेच म्हटले. चहा केला, पण दोघींचाही निवून गेला.

ही झाली एका ताटाची गोष्ट. जिथे असे रोज घडते तिथे काय होत असेल? दिल्लीच्या 'एम्स'मध्ये काय चालते ते पाहणाऱ्या थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. दलित-आदिवासी मुले वसतिगृहात, जेवणाच्या टेबलावर, खेळातसुद्धा वेगळी पडतात, असे त्यात नोंदले आहे. आणि आपल्या मुंबईतली डॉ. पायल तडवी? जळगावची आदिवासी मुलगी, नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवला गेला. तिच्या आईने, आबेदा तडवी यांनी, रोहित वेमुलाच्या आईबरोबर त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दुसऱ्यांच्या मुलांवर ही पाळी येऊ नये, म्हणून.

तेव्हा आता कामाच्या चार गोष्टी.

अशी मुलगी तुमच्या दारात आली, तर आधी तिलाच विचारा : कुठल्या कॉलेजची, कशासाठी विचारतेस, माझे नाव कुठे येईल का? हे सांगणे आणि तुमची संमती घेणे तिचे कर्तव्यच आहे. नको त्या प्रश्नाला "नाही सांगत" म्हणा, मधेच थांबा, काही बिघडत नाही. सासूबाई किंवा मुले समोर असतील तर दुसऱ्या वेळी बोलवा. एका खोलीच्या घरात मनातले बोलणे जमत नाही, ते तिलाही कळते.

तुमचीच मुलगी असे काम करत असेल, तर संध्याकाळी तिला गरम जेवायला वाढा आणि जवळ बसा. दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकून तीही थकते. मात्र "कोण काय म्हणालं?" असे खोदून विचारू नका. तिला फक्त "तुला कसं वाटलं?" एवढेच विचारा.

वसतिगृहातल्या मुलाने किंवा मुलीने फोनवर सांगितले की मला आडनावावरून बोलतात, तर "दुर्लक्ष कर, अभ्यास कर" हे वाक्य गिळून टाका. अशाने पोर पुढच्या वेळी सांगतच नाही. पूर्ण ऐकून घ्या. तारीख, वेळ, कोण काय म्हणाले ते वहीत लिहून ठेवायला सांगा. कॉलेजात लेखी तक्रार करा आणि तिची प्रत जपा. झोप उडाली, जेवण तुटले, "जगून काय उपयोग" अशी भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका. तिच्याजवळ जा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. आत्ताच पंचांगाच्या शेजारी लिहून ठेवा.

चौथी गोष्ट मला सर्वांत जड गेली. आपल्या हातून असे काही झाले असेल, तर ते आठवा. कोणाचा पेला वेगळा ठेवला, कोणाला हळदीकुंकवाला बोलावणे राहिले. माफी मागायला उशीर झाला असे वाटेल, पण समोरचीला तो दिवस अजून कालचाच असतो.

यंदाच्या दिवाळीत करंज्या आम्ही दोघी मिळून करणार आहोत, तिच्या ओट्यावर. सारण तिचे, लाटणे माझे. तुमच्या शेजारच्या घरातून असे एखादे ताट तुमच्याकडे आले होते का? आठवून बघा, आणि मला जरूर कळवा.