फॉर्म भाच्याने भरला, तकलीफ खालाची

यंदा रमजानच्या आधी मी महिनाभर इंग्लंडमध्ये खालाकडे होतो. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती रत्नागिरी जिल्ह्यातून तिकडे गेली. शिवणकाम केलं, मुलं वाढवली. इंग्रजी बोलता येतं कामापुरतं, वाचायला जड जातं. वय ६७. शुगर आहे.

तिकडे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जरींना सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० ऑनलाइन विनंत्या घेणं बंधनकारक झालंय. तातडीची नसलेली अपॉइंटमेंट, औषधाबद्दलचे प्रश्न आणि ‘ॲडमिन’, म्हणजे फिट नोट, पत्रं वगैरे कागदाची कामं.

सोय चांगली आहे, हे आधीच कबूल करतो. माझा मावसभाऊ गोदामात रात्रपाळी करतो. पाठ धरली तेव्हा पहिल्या सात दिवसांचं त्याने स्वतःच लिहून दिलं, नियमच तसा आहे. पुढची फिट नोट बसमध्ये बसून फॉर्म भरून मागवली. पूर्वी याच कामाला सकाळी आठच्या ठोक्याला फोन धरून बसावं लागे.

खालाचं निराळं. रोजे धरले तर गोळ्यांच्या वेळा कशा ठेवायच्या, एवढंच तिला विचारायचं होतं. भाऊ झोपलेला, म्हणून फोन मी घेतला. फॉर्मचा पहिलाच प्रश्न, वैद्यकीय की ॲडमिन? ती काही आजारी नाही, म्हणून मी ॲडमिन दाबलं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, हा वैद्यकीय प्रश्न आहे, पुन्हा भरा. चूक माझी. पण शुगरच्या माणसाने उपाशीपोटी गोळ्या अंदाजाने घ्यायच्या नसतात आणि रमजान आठवड्यावर आला होता.

दुसऱ्यांदा भरताना मी विचारलं, “खाला, आणखी काही तकलीफ?”

“नाही रे बाबा.”

रात्री भावजयीकडून कळलं. खालाला दोन-तीन महिने लघवीचा त्रास होता. फॉर्म नेहमी मुलगा भरतो, आज भाचा भरत होता. आमच्यापुढे ती काय सांगणार? पूर्वी काउंटरवर जाऊन “लेडी डॉक्टर” एवढे दोन शब्द म्हटले की काम व्हायचं. बाकीचं बंद दाराआड. आता ते दार उघडायच्या आधीच सगळं लिहून द्यावं लागतं, आणि लिहिणारा घरचाच पुरुष.

ऑनलाइन आलं म्हणून फोन आणि काउंटर बंद करायची मुभा सर्जरीला नाही. दुभाषाही मोफत मागता येतो. पण खालाच्या सर्जरीत हे कुणी सांगितलं नव्हतं. दारावर कागद, ‘वेबसाइटवर जा’. मशिदीत जुम्यानंतर फॉर्म भरून द्यायला तरुण बसवावेत, असं एकाने सुचवलं. विचार नेक आहे, पण तिथेही पुरुषच बसणार. बायकांसाठी बायका बसवायला काय हरकत आहे?

आपल्याकडेही आता आईच्या केसपेपरचा ओटीपी मुलाच्या मोबाइलवर येतो. तेव्हा हा प्रश्न फक्त विलायतेचा समजू नये.

सोमवारी खाला भावजयीला घेऊन चालत सर्जरीत गेली. रिसेप्शनिस्टने वेबसाइटचा कागद दाखवला. खाला हलली नाही. लेडी डॉक्टर आणि उर्दू दुभाषा, दोन्ही मागितलं. गुरुवारची वेळ मिळाली. त्या दिवशी आत तिच्याबरोबर कोण जाणार, असं भावाने विचारलं, तर म्हणाली, “कुणी नको.”