नागपूर कसे पाहावे आणि तेथे काय खावे

दिवाळीची सुटी संपून शाळा भरते न भरते तोच आमच्या शाळेत सहलीचे वारे वाहू लागते. "सर, यंदा कोठे?" हा प्रश्न वर्गात, मैदानावर, इतकेच काय पण प्रार्थनेच्या रांगेतही कानी पडतो, आणि पुष्कळ खल झाल्यानंतर उत्तर बहुधा एकच निघते, नागपूर. त्यात नवल काही नाही. दवाखाना असो, हायकोर्ट असो, मुलांचे कॉलेज असो वा लग्नाचा बस्ता असो, वणीकरांस नागपूरच गाठावे लागते. वर्धा नदी ओलांडून वरोऱ्यास जावे, आणि तेथून जाम, बुटीबोरी असे करीत शहरात शिरावे. इतक्या परिचयाच्या शहराविषयी लिहावयाचे ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु परिचय निराळा व पाहणे निराळे, हे आम्हांस गेल्या डिसेंबरातील सहलीने चांगलेच शिकविले.

त्या दिवशीची हकीगत सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना दोष आमचाच होता हेही कबूल केले पाहिजे. बेत असा होता की सकाळी अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, पाहावे. दुपारी रमण विज्ञान केंद्र पाहावे. आणि सायंकाळी परतावे. परंतु सहल निघाली सोमवारी, आणि सोमवारी संग्रहालय बंद असते ही साधी गोष्ट आम्हांस फाटकापाशी उभे राहिल्यावर उमगली. मुले हिरमुसली. तेवढ्यात कोणीतरी मॉलचे नाव काढले, मुलांनी एकच गिल्ला केला, आणि आमच्यानेही तो मोह आवरला नाही. घटकाभर म्हणता म्हणता चार तास तेथेच गेले. विज्ञान केंद्र राहून गेले ते राहूनच गेले. जेवणाची वेळ झाली तेव्हा "ज्याने त्याने आपापल्या पैशांनी हवे ते खावे" असे सांगून आम्ही मोकळे झालो. त्या क्षणी ती व्यवस्था मोठी सोयीची वाटली.

पुढे आम्ही पाहिले ते असे. काही मुलांच्या हाती पाचशेच्या नोटा होत्या. त्यांनी पिझ्झा मागविला आणि निम्मा टाकून दिला. काहींनी तिघांत मिळून बटाट्याच्या तळलेल्या कापांचा एक पुडा घेतला. आणि आठवीतील एक मुलगा सरकत्या जिन्यापाशी उभा राहून खाली-वर जाणारी माणसे पाहत होता. "जेवलास काय रे?" असे विचारता तो "भूक नाही, सर" एवढेच म्हणाला. परतीच्या वाटेवर, मोटारीतील दिवे मालविल्यानंतर, मागील बाकाकडून कागदाचा आवाज आला. पाहतो तो तोच मुलगा खिडकीकडे तोंड करून घरची पोळी व ठेचा खात होता. त्याच्या आईने पहाटे उठून बांधून दिलेली शिदोरी त्याने दिवसभर पिशवीबाहेर काढली नव्हती. त्या झगमगाटात ती सोडावयाची त्यास लाज वाटली. आणि ती लाज त्यास आम्हीच दिली होती.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की सहलीत काय पाहावे आणि काय खावे हे दोन प्रश्न निराळे काढताच येत नाहीत. शहर पैशाने पाहावयाचे ठरले की ज्याच्या खिशात जितके पैसे तितकेच शहर त्यास दिसते. आणि नागपूर हे तर असे शहर आहे की त्यातील पाहण्याजोग्या बहुतेक गोष्टींस फारसे पैसे लागत नाहीत. लागते ती थोडी पूर्वतयारी, आणि तीच आम्ही केली नव्हती.

खरे म्हणजे नागपूरचे दर्शन वणीपासूनच सुरू होते. आमच्या तालुक्यातील कोळशाचे ट्रक मुलांस नवे नाहीत. धुळीने तर नकोसे झाले आहेत. हा कोळसा ज्या खडकांत सापडतो ते गोंडवन खडक पंचवीस कोटी वर्षांहून जुने. ते खडक आणि त्यांच्या वरचे थर यांचा अभ्यास प्रथम ज्यांनी मन लावून केला त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव येते. 1845 साली ते स्कॉटलंडहून नागपुरास आले, येथील भाषा शिकले, आणि खेडोपाडी हिंडताना वाटेवरचे दगड उचलून पाहण्याची सवय त्यांस जडली. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली गावी सापडलेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली, आणि 1855 साली रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. वरोऱ्यानजीकच्या पिसदुरा गावाजवळ तर हिस्लॉप यांस महाकाय सरड्यांचे, म्हणजे ज्यांस आपण डायनोसॉर म्हणतो त्यांचे, अवशेष मिळाले. मुले चित्रपटात डायनोसॉर पाहून टाळ्या पिटतात. पण ज्या रस्त्याने आपली मोटार नागपुरास जाते त्याच्या आसपास तो खरोखरीच चरत होता, हे त्यांस कोणी सांगत नाही. आम्हीही सांगितले नव्हते.

याच रस्त्यावर बुटीबोरी लागते. तेथून जवळच टाकळघाटास प्राचीन दफनांची शिलावर्तुळे आहेत. ती पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी हिस्लॉप त्या परिसरातील पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. आणि त्याच 1863 साली, मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानीत, अजब बंगल्याची स्थापना झाली. हिस्लॉप यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात 1883 साली निघाले. आम्ही तेथे शिकलो, रोज त्या नावाखालून आतबाहेर केले, आणि हा सारा इतिहास आम्हांस ठाऊक झाला तो पदवी घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी! असो. अजब बंगल्यात दगड, शिलालेख, शस्त्रे, पेंढा भरलेले पशुपक्षी, आदिवासी जमातींच्या वस्तू असे पुष्कळ आहे. एकेका दालनात दोन मिनिटे असे धावत पाहण्यापेक्षा प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर पाव तास उभे राहावे, आणि वहीत तिचे चित्र काढावे, असे आम्हांस वाटते.

मोटार थेट शहरात नेण्याचीही गरज नाही. 2019 सालापासून मेट्रो सुरू झाली आहे. वर्धा मार्गावरील खापरीस उतरून मेट्रोने सीताबर्डीस जावे. पुलावरून अर्धे शहर दिसते, आणि सरकत्या जिन्याची हौस स्थानकातच भागते. (ती हौस केवळ मुलांनाच असते असे नव्हे, हे आम्ही खासगीत मान्य करू.) सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला आहे. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई याच टेकड्यांवर झाली, आणि तीत नागपूरकरांच्या राज्याचे स्वातंत्र्य बुडाले. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तो मोजक्या दिवशीच उघडतात, खालून पाहावा. जवळच शून्य मैलाचा दगड आहे, चार घोडे व वालुकाश्माचा स्तंभ. हा भारताचा मध्यबिंदू असे म्हणण्याची प्रथा आहे. परंतु देशाच्या सीमा 1947 साली बदलल्या, घोडे मात्र जागचे हलले नाहीत. तेथील नोंदीचे महत्त्व मोजणीखात्यासाठी, आणि भूगोलाच्या तासाला ती फार उपयोगी पडते.

तेथून फार दूर नसलेल्या एका इमारतीपाशी वणीच्या मुलांनी अवश्य थांबावे. ती म्हणजे जुने मॉरिस कॉलेज, आजची वसंतराव नाईक संस्था. लोकनायक बापूजी अणे वणीत 29 ऑगस्ट 1880 रोजी जन्मले आणि पुढील शिक्षणासाठी येथे आले. त्या काळी आपल्या जिल्ह्यास यवतमाळ म्हणत नसत. वणी जिल्हाच म्हणत, आणि इंग्रजी कागदोपत्री त्याचे 'वून' असे विचित्र रूप होई. 1905 साली ते नाव गेले. वणीहून नागपुरास आलेला विद्यार्थी हा काही रिकाम्या हाताने आलेला पाहुणा नव्हे, एवढे त्या इमारतीसमोर मुलांस कळले तरी पुष्कळ झाले.

मॉलची आम्हांस अढी आहे असे कोणी समजू नये. उलट एक मॉल आम्ही मुलांस मुद्दाम दाखवू. जमशेटजी टाटा यांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्याचे कारण उघड होते. वऱ्हाडचा कापूस येथून हाकेच्या अंतरावर. कामगारांस भविष्यनिर्वाह निधी देण्याची पद्धत या मिलमध्ये 1901 साली सुरू झाली. पुढे मिलला उतरती कळा लागली, ती बंद पडली, आणि त्या जमिनीवर आज एम्प्रेस नावाचा मॉल उभा आहे. ज्यांचे आजोबा-पणजोबा वणीच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन येत त्या मुलांनी तेथे उभे राहून हे ऐकावे, मग हवे तर दुकानेही पाहावी.

दीक्षाभूमीवर बोलण्यापेक्षा शांत राहणे बरे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह येथे बौद्ध धर्माचा स्वीकार केला. आजचा विशाल स्तूप 2001 साली पूर्ण होऊन खुला झाला. आमच्या वर्गातील कित्येक मुले दरवर्षी दसऱ्यास आईवडिलांबरोबर येथे येतात. त्या दिवशी तीच मुले वाटाडे, आणि बाकीचे आम्ही सर्व, शिक्षक धरून, त्यांच्यामागून चालणारे. हा बदल वर्गास हितावह आहे.

आता खाण्याविषयी. नागपूरच्या खाण्यातील उत्तम गोष्टी महाग नाहीत, हे या शहराचे मोठेपण. सकाळच्या वेळी हातगाडीवर मिळणारे तर्रीपोहे घ्या: पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर बारीक चिरलेला कांदा, आणि डोळ्यांत पाणी. कॉलेजात असताना महिन्याच्या अखेरीस आमचा नाश्ता व दुपारचे जेवण ही दोन्ही कामे एकच बशी करीत असे. सांबारवडी हा दुसरा पदार्थ. पुण्याकडील पाहुण्यास येथे डाळीचे सांबार अपेक्षित असते, आणि निघते ती कोथिंबीर. आपल्या मुलांस ते सांगावे लागत नाही. सावजी रस्सा प्रसिद्ध खरा. विणकर कोष्टी समाजाच्या घरांतून तो खानावळींत आला, आणि त्यातील मसाल्याची धग ज्याने अनुभवली तो ती विसरत नाही. परंतु पन्नास मुले, तीन तासांचा प्रवास आणि सावजी रस्सा या तीन गोष्टी एकत्र आणण्याचे धैर्य आम्हांस नाही. पालकांनी तो आपल्या जबाबदारीवर खाऊ घालावा. संत्रा बर्फी घरी नेण्यास ठीक; पण डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असताना आधी संत्रेच सोलावे. नागपुरी संत्र्यास 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि रघुजी भोसल्यांनी त्याची रोपे औरंगाबादेहून आणली असे सांगतात.

काही पालक आम्हांस म्हणाले, "सर, पोरगं एकदाच जातं, त्याला हवं ते खाऊ द्या की." त्यांचे प्रेम आम्ही जाणतो. परंतु ज्या नोटेने एका मुलाची हौस होते तीच नोट शेजारच्या मुलाच्या तोंडून "भूक नाही" असे वदविते. घरच्या माणसांबरोबर नागपुरास जाल तेव्हा हवे ते घ्यावे; शाळेच्या पंगतीत मात्र सर्वांच्या पानात एकच पदार्थ पडावा.

म्हणून पुढील सहलीसाठी आमची सूचना अशी आहे. कोणीही मुलाजवळ पैसे देऊ नयेत. सर्वांची एकच वर्गणी असावी, आणि ज्यांस ती जड जाते त्यांची ती शिक्षकांनी व शाळेने परस्पर, कोणास कळू न देता भरावी. त्या वर्गणीतून सकाळी प्रत्येकास एक बशी तर्रीपोहे आणि परतताना दोन-दोन संत्री. दुपारचे जेवण महाराजबागेतील झाडांखाली, भोसल्यांच्या जुन्या बागेत, घरच्या शिदोऱ्या एकत्र सोडून. मुख्याध्यापकही शिदोरी आणतील, असे त्यांनी कबूल केले आहे. पोळी, भाकरी, ठेचा, झुणका, लोणचे, जे घरी असेल ते बांधून द्यावे. एक पोळी शेजाऱ्यासाठी अधिक द्यावी. वही, पेन्सिल व पाण्याची बाटली विसरू नये.

आणि सहल मंगळवारी निघेल.