डिकीत मावले म्हणून

दिवाळीचा फराळ संपत येतो, हवेत गारवा उतरतो आणि पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावे ऐकू येऊ लागतात. शुक्रवारी रात्री गाडी काढायची, शनिवारी गड चढायचा, डोंगरात एक मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचे, असा हा बेत. एकेकाळी हाच प्रवास एस.टी.ने होत असे. पुढची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायपीट ठरलेली. त्यामुळे घरातून निघतानाच प्रत्येक जण आपले ओझे हाताने तोलून पाहत असे. दारात चारचाकी आली आणि हे तोलणे थांबले. ‘डिकीत मावते ना, मग असू द्या’ हा नवा न्याय सुरू झाला.

या न्यायाची परीक्षा पाचनईला होते. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे हे गाव. गाडीचा रस्ता इथे संपतो आणि पुढे दोन-अडीच तासांची चढण उरते. डिकी उघडते. घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, शीतपेयांचे खोके, गाणी वाजवणारा कर्णा आणि चार जणांसाठी दहा जणांचा सुका खाऊ बाहेर येतो. यातले काही गावातल्या एखाद्या पोराच्या डोक्यावर चढते, काही कुरकुरत स्वतःच्या पाठीवर. वर पोहोचेपर्यंत पाठ दुखू लागलेली असते. परतताना ओझे हलके करण्याचा सोपा उपाय सुचतो आणि रिकाम्या बाटल्या, पिशव्या, ताटल्या लेण्यांच्या कोपऱ्यांत आणि कोकणकड्याच्या झुडपांत राहतात. गडावरच्या कचऱ्याचे मूळ लोक बेशिस्तीत शोधतात. ते काही अंशी खरेही आहे. परंतु या कचऱ्याची सुरुवात आदल्या रात्री घराच्या दिवाणखान्यात, सामान भरताना झालेली असते.

चमत्कारिक गोष्ट अशी की इतके सामान नेणाऱ्यांकडे नेमके हवे ते नसते. माणशी तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन, म्हणून पाण्यातच काटकसर होते. टाक्यांचे पाणी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते आणि उकळल्यावाचून ते पिऊ नये, याचा विचार पाचनईत सुचून उपयोग नसतो. दुसरी उणीव विजेरीची. भ्रमणध्वनीचा उजेड आहेच, असे म्हणत लोक निघतात. तोच उजेड, तोच नकाशा, तेच छायाचित्रण आणि तीच गाणी. सूर्यास्ताला यंत्र मरते. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणाऱ्या वाटेवर पठारावर पायवाटांचे जाळे आहे. तिथे अंधारात चकणे मुळीच अवघड नाही. मग कुठल्या तरी गावचे तरुण किंवा लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपापली झोप आणि कामे सोडून दोर घेऊन निघतात. वस्तुतः डोक्याला बांधायची एक विजेरी आणि सुटे सेल यांचे वजन पावशेरही भरत नाही.

शिबिरांना जाणाऱ्यांना हे नवे नाही. स्वतःचे ताट-वाटी-पेला, एक पांघरूण, विजेरी, थोडी सुतळी आणि स्वतःचे सामान स्वतः उचलायचे, ही सवय अनेक घरांत आहे. प्रश्न असा की तीच माणसे कुटुंबासह गाडीने निघाली की ही सवय घरी का ठेवतात?

भरण्याची रीतही साधीच आहे. पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक नसावे. लहान मुलांचे तर त्याहून पुष्कळ कमी. अंथरूण-पांघरूण तळाशी, जड वस्तू पाठीला लागून मध्यभागी, विजेरी, औषधे आणि गरम कपडा वरच्या बाजूला हाताशी. डिसेंबरच्या रात्री या पठारावर कडाक्याची थंडी पडते. दुपारच्या उन्हात हे कोणाला खरे वाटत नाही. अंग झाकणारे सुती कपडे घ्यावेत, अत्तरे आणि सुगंधी फवारे घरी राहू द्यावेत. कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. उग्र वास आणि धूर यांनी त्या माश्या खवळतात. खाण्यासाठी दुधातल्या दशम्या, कोरडी चटणी आणि गूळ-शेंगदाणे पुरे. एक वेळचे जेवण पायथ्याच्या गावात घ्यावे. पिठले-भाकरी गरम मिळते, सामान कमी होते आणि चार पैसे गावात राहतात. तिथे घासाघीस करणाऱ्यांनी शहरातल्या उपाहारगृहाचे देयक आठवावे. रोख पैसे मात्र जवळ हवेत, कारण डोंगरात जाळे नसले की भ्रमणध्वनीतले पैसे चालत नाहीत.

शेकोटीची लाकडे आणि काडेपेटी नेण्याआधी शिवछत्रपतींचे एक पत्र वाचावे. चिपळूणजवळच्या तळावरील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या त्या पत्रात, गवताच्या गंज्या असताना कोणी स्वयंपाकाची आग करील, कोणी चिलीम ओढील, पेटती वात उंदीर पळवील, अशा बारीकसारीक शक्यता राजांनी मोजून दाखवल्या आहेत. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि हिवाळ्यात त्याचे गवत वाळून कोळ झालेले असते. मुक्कामाला परवानगी आहे का, हे वनखात्याला विचारून मगच तंबू गाडीत टाकावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात तर गडाच्या झाडलोटीचाही विचार आहे. केर गडाखाली न फेकता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, असे त्यात सांगितले आहे. अमात्यांच्या काळी केर म्हणजे पालापाचोळा. प्लॅस्टिक जाळून भाजी येत नाही. ते खालीच आणावे लागते, आणि त्यासाठी सामानात सर्वांत आधी एक मजबूत रिकामी पिशवी भरावी लागते.

जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, साल्हेरसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. हरिश्चंद्रगड त्या यादीत नाही, पण किल्ले पाहण्याचा उत्साह यादी वाचून थांबत नाही. पुढच्या हिवाळ्यांत पाचनईच्या रस्त्यावर गाड्या वाढतील, हे उघड आहे.

उरते ती गाडी. सुट्या चाकातली हवा शुक्रवारीच तपासावी आणि इंधन घोटी-राजूरच्या अलीकडेच भरून घ्यावे. चालवणारा दुसरा माणूस बरोबर असावा. दोन दिवस डोंगर तुडवून रविवारी रात्री कसारा घाट उतरणाऱ्याचे डोळे मिटू लागतात, आणि त्या घाटात मालमोटारींची रांग कधी तुटत नाही. दुसरा चालक मिळत नसेल तर गडावरून सकाळीच उतरावे, पाचनईत जेवून तासभर आडवे व्हावे आणि उजेडी घाट ओलांडावा.