स्कूटरवरून आलेली कॅसेट

‘अलबेला’ (१९५१) पाहताना आपण भगवानदादांच्या नाचाला आणि सी. रामचंद्रांच्या चालींना दाद देतो. त्यात जॅझचा ट्रम्पेट घुमवणारा गोव्याचा चिक चॉकलेट कितीजणांना आठवतो? असे कितीतरी गोवेकर वादक दुसऱ्यांच्या गाण्यांमागे राहिले.

शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने मात्र १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ घरातच, चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. गाणी त्याची, बहुतेक वाद्येही त्याचीच. कॅसेटी स्कूटरवरून त्यानेच दुकानांत पोचवल्या. बँकेत माझ्या टेबलावर असा कर्जप्रस्ताव आला असता, तर खरे सांगतो, मी नामंजूर केला असता!

संभाजीनगरच्या घरी तो आज ऐकताना ध्वनिमुद्रण कच्चे वाटते. पण त्यातला मोकळेपणा मला जॅझच्या घराण्यातलाच वाटतो. गुळगुळीत अल्बम त्याने पुढे काढलेच की.